दोन फायली, एकच हॅश

आज कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमधल्या एका कमिटचा, म्हणजे एका नोंदीचा, हॅश नजरेसमोर ठेवा. चाळीस चिन्हे, काही आकडे, काही ए ते एफमधली अक्षरे. डोळे मिटायची गरज नाही. स्क्रीन उघडी असेल तर उलट बरेच. हे नाव कुणी ठेवलेले नाही. आतल्या मजकुरावर एसएचए-1चे गणित चालवले की ते निघते. एक स्वल्पविराम हलवा, सगळे नाव बदलते. पहिले सोडून प्रत्येक कमिटच्या पोटात आधीच्या कमिटचे नाव असते, म्हणून जुन्या नोंदीला हात लावला की पुढची सगळी नावे बदलतात.

आता सावकाश मोजा. हॅश 160 बिटांचा, म्हणजे शक्य नावे साधारण 1 वर 48 शून्ये इतकी. आणि शक्य मजकूर? त्यांना अंत नाही. म्हणजे एकाच नावाचे दोन मजकूर असणारच. इथे थोडे रेंगाळा, कारण मन हे लगेच कबूल करत नाही. टक्कर कुठेतरी आहेच. ती शोधणे अवघड आहे, एवढ्यावरच आपला भरवसा उभा आहे.

हा अवघडपणा कायमचा नसतो. लायनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहिले 2005 मध्ये. त्याच वर्षी वांग श्याओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एसएचए-1ची टक्कर अपेक्षेपेक्षा कमी श्रमांत साधता येईल, हे कागदावर मांडले होते. प्रत्यक्ष टक्कर 23 फेब्रुवारी 2017 रोजी जाहीर झाली. अ‍ॅमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संस्था आणि गूगल यांनी दोन पीडीएफ फायली पुढे ठेवल्या. एकीचा रंग निळा, दुसरीचा लाल, एसएचए-1 तंतोतंत एक. त्यासाठी 9 वर 18 शून्ये इतक्या वेळा गणित करावे लागले.

या दोन फायली कुणीतरी चाचणीसाठी वेबकिट या ब्राउझर इंजिनच्या कोडसाठ्यात, म्हणजे रिपॉझिटरीत, टाकल्या आणि रिपॉझिटरी अडकून बसली. ती चालवणारे सबव्हर्जन, गिटसारखेच एक साधन, जागा वाचवण्यासाठी एकाच एसएचए-1चा मजकूर एकदाच साठवत असे. दुसरी फाइल आली तेव्हा त्याने पहिलीकडेच बोट दाखवले; वाचताना मात्र एमडी5 हा दुसरा हॅश जुळेना. पुढच्या आवृत्त्यांत हे सुधारले. तरी मजकूर एकदा पडताळून न पाहता त्याला ‘तोच’ ठरवणे ही काटकसर नव्हे, आळस होता, असे मला वाटते.

गिट त्या दिवशी सुटले. ते हॅश काढण्याआधी मजकुरापुढे ‘ब्लॉब’ हा शब्द आणि आकार असा मथळा जोडते, त्यामुळे त्या दोन फायलींची गिटमधली नावे वेगळी निघाली. याला सुरक्षा समजू नका. तो मथळा धरूनच कुणी टक्कर शोधली असती, तर खर्च तेवढाच आला असता.

मग खरी टक्कर आलीच तर? हा प्रश्न घाई न करता मनात फिरू द्या. गिट आधीपासून असलेली वस्तू, म्हणजे त्या नावाने साठवलेला मजकूर, ठेवते, तिच्यावर नवी लिहीत नाही. बाहेरून वस्तू आणताना त्याच नावाची जुनी सापडली, तर दोन्हींचा मजकूर ताडून पाहते आणि वेगळा निघाला तर काम थांबवते. पण खोटी वस्तूच तुमच्याकडे आधी पोचली असेल तर? तेव्हा ताडायला खरी वस्तू जवळ नसते. म्हणून 2017 च्या मे महिन्यात आलेल्या 2.13 आवृत्तीपासून गिट मार्क स्टीव्हन्स आणि डॅन शुमो यांचा कोड वापरते. मुद्दाम टक्कर घडवणाऱ्या हल्ल्याच्या खुणा मजकुरातच राहतात. हॅश काढताना त्या दिसल्या की हा कोड तिथेच नकार देतो.

हा पहारा ओळखीच्या हल्ल्यांपुरता आहे. खरा उपाय नावामागचे गणितच बदलण्याचा, एसएचए-256चा. गिटने 2020 मध्ये 2.29 आवृत्तीत तो प्रायोगिक म्हणून दिला. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने एसएचए-1 वापरातून काढण्यासाठी 31 डिसेंबर 2030 ही मुदत ठरवली आहे.