एकनिष्ठा आणि परद्वेष

भक्ताची निष्ठा एकाच ठायी असावी, हे आपल्या संप्रदायाचे बाळबोध. परंतु एकावर निष्ठा ठेवायची म्हणजे दुसऱ्याविषयी मन कडू करून घ्यायचे की काय, हा प्रश्न आम्हांस चाळीस वर्षे कीर्तन करूनही कधी नीट पडला नव्हता. तो पडला एका चेंडूच्या खेळामुळे. वाचकांस हे ऐकून हसू येईल. येऊ द्यावे, आम्हांसही प्रथम हसूच आले होते.

आमचे पाचोड हे पैठण तालुक्यातले बाजाराचे गाव. मोसंबीच्या दिवसांत गाड्यांची अशी दाटी होते की पायी माणसाला वाट काढणे मुष्किल. अशा ऐन हंगामात एक माळकरी गृहस्थ आपल्या मुलाला हाताला धरून आमच्याकडे घेऊन आले. मुलगा म्हणजे चांगला तिशीचा, संगणकाच्या नोकरीत दोन वर्षे जपानातल्या योकोहामा शहरी राहून आलेला. वडील थकले म्हणून परत आला आणि बागेचे पाहू लागला.

"महाराज, ह्याला आता तुम्हीच सांगा," गृहस्थ म्हणाले. "बापाचं ऐकत नाही. लिलाव चालू असताना मोबाईलमधी डोकं घालून बसतो. अन् पाहतो काय, तर जपानचा फुटबॉल! इथं भाव पडला तरी ह्याला पत्ता नसतो."

आम्ही मुलाकडे पाहिले. त्याने मान खाली घातली नाही. जपानात आणि आपल्यात साडेतीन तासांचे अंतर. तिकडे दुपारी दोनला सामना सुरू झाला की आपल्याकडे साडेदहा वाजलेले असतात, असा त्याने खुलासा केला. जणू अडचण काय ती वेळेची! योकोहामा एफसी नावाच्या संघाचा आपण भक्त आहो, असे तो म्हणाला. 'भक्त' हा शब्द त्याचा, आमचा नव्हे.

त्या शब्दाने आम्हांस राग आला. आम्ही आसन सावरले आणि शास्त्र सांगू लागलो. रती कोणतीही असो, तिचे आलंबन पाहावे लागते. आलंबन शाश्वत असेल तर ती भक्ती, नाशवंत असेल तर मोह. शांडिल्यांनी ईश्वराच्या ठायीच्या पराकोटीच्या अनुरक्तीला भक्ती म्हटले आहे, अकरा माणसे धावतात तिच्या अनुरक्तीला नव्हे. शेवटी, आमच्या मते बिनतोड, असा प्रश्न केला, "अरे, उद्या त्या संघाच्या मालकाने दुकान बंद केले, तर तुझी भक्ती कोणाच्या पायांवर घालशील?"

मुलगा हसला. म्हणाला, "महाराज, तसंच झालं होतं."

मग त्याने जे सांगितले ते आम्ही आमच्या भाषेत मांडतो. जपानात धंदेवाईक फुटबॉलची 'जे लीग' १९९३ च्या मे महिन्यात दहा संघांनिशी सुरू झाली. त्यांत एकट्या योकोहामा शहराचेच दोन संघ होते, मॅरिनोस आणि फ्ल्यूगेल्स. दोघांच्या पाठीशी मोठमोठ्या कंपन्या. पुढे फ्ल्यूगेल्सला पैसा पुरविणाऱ्यांचे हात आखडले आणि १९९८ च्या ऑक्टोबरात जाहीर झाले की हा संघ मॅरिनोसमध्ये विलीन होणार. लोकांनी सह्या गोळा केल्या, रस्त्यावर उभे राहून विनविले. काही उपयोग झाला नाही. मात्र सम्राट चषकाची स्पर्धा अजून बाकी होती. मरणाची तिथी ठरलेला हा संघ तीत एकामागून एक सामने जिंकत गेला आणि १ जानेवारी १९९९ रोजी टोकियोच्या राष्ट्रीय मैदानावर शिमिझू एस-पल्स संघाला २-१ असे हरवून चषक घेऊन गेला. तोच त्याचा शेवटचा सामना. जिंकला आणि संपला.

आमची परंपरा देहावसानाला सोहळा म्हणणारी. तेव्हा ही हकीकत आमच्या मनात शिरली, हे कबूल केले पाहिजे.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. मालकांनी चाहत्यांना सांगितले की आता दोन्ही एकच, तुम्ही मॅरिनोसचा जयजयकार करा. तुमची आठवण म्हणून त्यांच्या नावात एक 'एफ' अक्षर घालू. ते अक्षर आजही त्या नावात आहे. परंतु अनेकांनी ते नाकारले. त्यांनी आपसांत वर्गणी काढून योकोहामा एफसी हा नवा संघ उभा केला आणि १९९९ सालीच खालच्या पायरीवरून खेळावयास सुरुवात केली. वर चढायला २००६ साल संपावे लागले. २००७ साली पहिल्या श्रेणीत गेले ते त्याच वर्षी तळाला राहून खाली आले. नंतर चढले, २०२१ ला पडले. पुन्हा चढले, २०२३ ला पुन्हा पडले. या संघात काझुयोशी मिउरा नावाचा नामांकित खेळाडू २००५ साली आला आणि पन्नाशी उलटल्यावरही मैदानात उतरत राहिला. आमच्या वयाच्या माणसाला हे ऐकून जरा बरे वाटले, एवढेच.

आमचा बिनतोड प्रश्न असा तुटला. आलंबन नष्ट झाले, वृत्ती उरली, आणि तिने आपल्यासाठी नवे आलंबन निर्माण केले. पाठशाळेत कोणी असा पूर्वपक्ष मांडला असता तर गुरुजींनी आम्हांस आठ दिवस कोंडून उत्तर काढावयास लावले असते. यात फळाची अपेक्षाही नाही. गीतेत आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी असे चार भक्त सांगितले आहेत. हा मुलगा त्यांपैकी कोण? संघ जिंकला तर याच्या मोसंबीला भाव चढत नाही. संघाला तर हा जिवंत आहे हेही ठाऊक नाही.

आम्ही अंमळ मऊ झालो आणि सहज विचारले, "मग त्या मॅरिनोसवाल्यांचे काय? तेही त्याच गावचे ना?"

त्याबरोबर मुलाचा चेहराच पालटला. "त्यांचं नाव काढू नका, महाराज. ते हरले ना, तर मला आपण जिंकल्यापेक्षा जास्त गोड लागतं." आणि तो पुन्हा हसला, पण हे हसू निराळे होते.

वाचकहो, आमचा प्रश्न येथे जन्मला. आलंबनाचा वाद आम्ही बाजूला ठेवतो. आमच्या मते खेळ तो खेळच आणि पांडुरंग तो पांडुरंग, त्यात आम्हांस तडजोड नाही. परंतु इतकी निर्मळ, निष्काम निष्ठा आणि हे कडू हसू एकाच मुखावर कसे?

यानंतर दीड-दोन महिन्यांनी सप्ताहाच्या निमित्ताने आम्ही कोल्हापुरास गेलो. तेथे फुटबॉलचे वेड पिढ्यान्‌पिढ्यांचे. मूळच्या कुस्तीच्या तालमी. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा अशी त्यांची नावे. त्याच तालमींचे फुटबॉल संघ झाले आणि पेठेतले पोर जन्मतःच आपल्या तालमीचे होते. अनिकेत जाधव हा मुलगा याच कोल्हापूरचा. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा आपल्या देशात भरली तेव्हा तो भारताकडून खेळला. एके दिवशी दुपारी टाळकरीच जागेवर नाहीत! चौकशी करता कळले, शाहू स्टेडियमवर सामना आहे. आम्हीही गेलो. गेलो हे या मासिकात लिहिताना थोडा संकोच वाटतो.

बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने आपल्या तालमीचा चेंडू जाळ्यात गेला तेव्हा शेजारच्या परक्या माणसाला, म्हणजे आम्हांला, मिठी मारली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. आम्ही कीर्तनात इतक्या वर्षांत असा अश्रू किती जणांच्या डोळ्यांत आणला, याचा हिशेब मनाशी करू लागलो आणि तो लवकरच सोडून दिला. मात्र सामना सुटल्यावर बाहेर रस्त्यावर दोन बाजूंची पोरे एकमेकांच्या आयाबहिणींवरून बोलू लागली. मग एक दगड आला. मग पोलीस आले. कोणत्या तालमी होत्या ते आम्ही लिहीत नाही, कारण आमचा विषय त्या तालमी नव्हेत. आमच्या मृदंगवादकाच्या कपाळाला खोक पडली आणि रात्रीचे कीर्तन दुसऱ्याच्या मृदंगावर झाले.

परत आल्यावर त्या मुलाला हे सांगितले. त्याला वाटले, आम्ही जपानची थोरवी गाणार. कारण ते लोक सामना संपल्यावर स्वतः कचरा वेचतात, हे जगाला ठाऊक झाले आहे. २०२२ साली कतारमध्ये यजमान देश आणि इक्वेडोर यांचा सामना होता. जपानचा त्यात काही संबंध नव्हता, तरी काही जपानी प्रेक्षकांनी तेथला कचरा पिशव्यांत भरला. आम्हांस वारीनंतरच्या वाळवंटाची आठवण होऊन लाज वाटली, ते निराळे. परंतु मुलाने प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली. साइतामाच्या मैदानावर ८ मार्च २०१४ रोजी उरावा रेड डायमंड्स संघाच्या काही चाहत्यांनी, आत शिरण्याच्या वाटेवर, 'येथे फक्त जपानी' अशा अर्थाचा फलक लावला. संघाच्या लोकांनी तो सामना संपेपर्यंत उतरविला नाही. तेव्हा लीगने शिक्षा केली की २३ मार्चचा सामना प्रेक्षकांवाचून खेळावा. साठ हजारांवर माणसे बसतील अशा त्या मैदानात एकही चाहता नाही, गाणे नाही, नगारा नाही. चेंडूला पाय लागल्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता म्हणे. श्रोत्यांवाचून रिकाम्या मंडपात कीर्तन करण्याची शिक्षा आम्हांस कोणी दिली तर काय होईल, असे मनात आले.

इंग्रजीत चाहत्याला 'फॅन' म्हणतात. एका प्राध्यापक स्नेह्यांनी सांगितले की तो 'फॅनॅटिक' या शब्दाचा संक्षेप, आणि त्याचे मूळ लॅटिनमधल्या देवालयवाचक शब्दात आहे. म्हणजे मैदानातला आंधळेपणा देवळातूनच गेलेला! हे ऐकून आम्ही त्या दिवशी संध्याकाळी एकादश स्कंध काढून बसलो. त्याच्या दुसऱ्या अध्यायात भक्तांच्या तीन पायऱ्या आहेत. उत्तम तो, ज्याला सर्वांभूती भगवंत दिसतो. मध्यम तो, जो देवावर प्रेम करतो, भक्तांशी मैत्री ठेवतो, अज्ञ जनांवर कृपा करतो आणि द्वेष करणाऱ्याची उपेक्षा करतो. आणि प्राकृत तो, जो आपल्या मूर्तीची श्रद्धेने पूजा करतो, पण इतर भक्तांना आणि बाकीच्यांना मोजत नाही. ध्यानात घ्या, प्राकृताची श्रद्धा खोटी नाही. ती खरीच आहे, पुरेपूर आहे. उणे आहे ते दुसरीकडे. नाथमहाराजांनी याच स्कंधावर टीका आरंभली ती आमच्या पैठणात, आणि शके १४९५ मध्ये पुरी केली काशीत. नरहरी सोनारांची कथा आम्ही कीर्तनात रंगवून सांगतो, डोळे बांधून ते देवळात गेले येथे तर श्रोते श्वास रोधून बसतात. शिवभक्ताने विठ्ठलाकडे न पाहण्याचे व्रत घेतले होते. मूर्तीला हात लागला तेव्हा तेथे शिवच लागला. ही कथा शेकडो वेळा सांगितली. ती आपल्यालाही लागू आहे, असे कधी वाटले नाही.

आता ते लिहिणे भाग आहे. एकोणीस वर्षांपूर्वी वारीच्या वाटेवर दिंडीच्या क्रमावरून आमचे आणि शेजारच्या एका फडकरी महाराजांचे वाजले. पुढे कोणी चालावे, एवढाच वाद. तेव्हापासून त्यांच्या मंडपात आम्ही पाय ठेवला नाही. त्यांच्या कीर्तनाला माणसे थोडी आली असे कोणी सांगितले की आम्ही तोंडाने "अरेरे" म्हणत असू. आत काय वाटत असे, ते त्या मुलाने आमच्यासमोर बसून, मॅरिनोसचे नाव घेऊन, स्पष्ट बोलून दाखविले होते. आम्ही मात्र त्याला आलंबन शिकवीत होतो.

मुलगा परवा पुन्हा आला होता. लिलावाच्या वेळी मोबाईल खिशात ठेवतो आणि सामना रात्री पाहतो, असे वडिलांशी ठरले आहे. "मॅरिनोसचं काही जमलं का?" आम्ही विचारले. तो म्हणाला, "प्रयत्न करतोय महाराज, पण अवघड आहे." आम्ही त्याला रागावलो नाही. येत्या नाथषष्ठीला त्या फडकरी महाराजांचे पैठणात कीर्तन आहे. आम्ही श्रोता म्हणून येऊ का, असा निरोप त्यांच्याकडे धाडला आहे. अजून उत्तर आलेले नाही.