अश्लीलतेला वेगळा पत्ता दिल्याने काय साधले?





इंटरनेटवरील प्रत्येक संकेतस्थळाच्या नावाला शेवटी एक शेपूट असते. व्यापाऱ्यांचे ‘डॉट कॉम’, संस्थांचे ‘डॉट ऑर्ग’, आपल्या देशाचे ‘डॉट इन’. अशी नावे कोणास द्यावयाची, हे आयकॅन नावाची अमेरिकास्थित संस्था ठरविते. सन २००० मध्ये आयसीएम रजिस्ट्री या कंपनीने तिच्याकडे अर्ज केला की अश्लील संकेतस्थळांसाठी ‘डॉट एक्सएक्सएक्स’ हे स्वतंत्र नाव असावे. तेव्हा ते मिळाले नाही. २००४ मध्ये पुन्हा अर्ज झाला, जून २००५ मध्ये प्राथमिक होकार मिळाला, मार्च २००७ मध्ये ९ विरुद्ध ५ मतांनी नकार आला. कंपनीने लवादाकडे दाद मागितली आणि अखेर १८ मार्च २०११ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील बैठकीत या नावास मंजुरी मिळाली.

दूरदेशीच्या या वादाशी आपला काय संबंध, असे कोणास वाटेल. परंतु ज्या प्रश्नावर तेथे दहा वर्षे खल झाला, तोच प्रश्न आज आपल्या घरात, मुलाच्या उशाखाली ठेवलेल्या मोबाईलमध्ये येऊन बसला आहे. घाणीला एका गल्लीत कोंडले आणि त्या गल्लीला कुलूप लावले, तर घर सुरक्षित होईल काय?

वरवर पाहता कल्पना शहाणपणाची वाटते. आणि तरीही तिला विरोध कोणी केला पाहा. एका बाजूस अमेरिकेतील धर्मनिष्ठ ख्रिस्ती संघटना होत्या. ऑगस्ट २००५ मध्ये तेथील वाणिज्य खात्याने आयकॅनला पत्र लिहून कळविले की या नावाविषयी चिंता व्यक्त करणारी सुमारे ६,००० पत्रे आली आहेत. स्वतंत्र नाव देणे म्हणजे पापाला प्रतिष्ठा देणे, असे या संघटनांचे म्हणणे होते. दुसऱ्या बाजूस खुद्द अश्लील चित्रफितींचे व्यापारी उभे होते! आज गल्ली देतील, उद्या सक्तीने तिच्यात ढकलतील आणि परवा दार बंद करतील, अशी त्यांना धास्ती होती.

व्यापाऱ्यांची धास्ती खरी ठरली नाही, कारण सक्ती कोणावरच नव्हती. ज्याला हवे त्याने नवे नाव घ्यावे. जुने ‘डॉट कॉम’ सोडण्याचे बंधन नव्हते. म्हणजे जुने दुकान उघडेच राहिले आणि शेजारी एक नवी पाटी लागली. उलट ज्यांचा या धंद्याशी काडीचाही संबंध नाही, अशा कंपन्यांना व विद्यापीठांनाही आपले नाव त्या गल्लीत कोणी लावू नये म्हणून पैसे मोजावे लागले. सज्जनाने आपली अब्रू राखण्यासाठी निर्लज्जतेच्या बाजारात शुल्क भरावे, याहून विचित्र व्यवहार कोणता?

आणखी एक अडचण होती. डोनाल्ड ईस्टलेक या संगणकतज्ज्ञाने फेब्रुवारी २००४ मध्येच ती मांडली होती. संकेतस्थळाचे नाव ही केवळ पाटी आहे. एकाच यंत्राला अनेक नावे देता येतात, आणि नाव मुळीच न घेता आकड्यांच्या पत्त्यावरूनही तेथे पोहोचता येते. शिवाय अश्लील कोणते, हे साऱ्या जगासाठी कोणती समिती ठरविणार? आपल्या सरकारचाही अनुभव वेगळा नाही. ३१ जुलै २०१५ रोजी ८५७ संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश निघाला. टीका होताच काही दिवसांतच तो बव्हंशी मागे घेण्यात आला.

आता प्रेषित मुहम्मद (स.) यांची एक शिकवण स्मरणात आणू या. त्या काळी अरबस्तानातील सत्ताधीश काही कुरणे स्वतःसाठी राखून ठेवीत. अशा राखीव कुरणास ‘हिमा’ म्हणत. प्रेषितांनी समजाविले की अल्लाहने निषिद्ध केलेल्या गोष्टी हे त्याचे राखीव कुरण आहे, आणि जो मेंढपाळ अगदी हद्दीवर कळप चारतो त्याची गुरे आत शिरण्यास वेळ लागत नाही. येथे भिंतीचा उल्लेख नाही. हद्द कोठे आहे ते सांगितले आहे, आणि तिच्यापासून अंतर राखण्याची जबाबदारी मेंढपाळावर टाकली आहे. त्याच हदीसमध्ये पुढे हृदयाचा विषय येतो. ते निरोगी तर सारे शरीर निरोगी, ते बिघडले तर सारे बिघडले.

याचा अर्थ बाह्य उपाय निरर्थक आहेत असा कोणी घेऊ नये. वाईटाकडे नेणारे मार्ग बंद करणे, हे इस्लामी विधिशास्त्राचे मान्य तत्त्व आहे. घरच्या वाय-फायवर गाळणी लावता येत असेल तर अवश्य लावावी. रात्री सर्वांचे मोबाईल एका जागी, बाहेरच्या खोलीत ठेवावेत. सर्वांचे म्हणजे अब्बांचाही! सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा आदेश आधी पुरुषांना आहे, स्त्रियांना त्यानंतर. आपल्याकडे मात्र मुलीच्या ओढणीवर तासभर प्रवचन होते आणि वडिलांच्या मोबाईलचा विषय निघत नाही. हा क्रम कोणी उलटा केला, याचा विचार व्हावयास हवा.

काही पालक दुसऱ्या टोकाला जातात. मुलाच्या नकळत त्याचा मोबाईल चाळणे, धाकट्या भावाला हेर नेमणे, सापडलेली गोष्ट नातेवाइकांत सांगणे. पवित्र कुरआनने सूरह हुजुरातमध्ये इतरांची गुपिते धुंडाळण्यास मनाई केली आहे. लहान मुलावर देखरेख ठेवणे हे कर्तव्यच आहे, परंतु ती उघड असावी. मुलाला ती ठाऊक असावी. आणि चूक आढळली तर तिच्यावर पडदा टाकावा, तिची दवंडी पिटू नये.

मग अशा वेळी बोलावे तरी कसे? हजरत अबू उमामा (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये एका तरुणाची हकिकत आहे. तो प्रेषितांकडे आला आणि त्याने चक्क व्यभिचाराची परवानगी मागितली. उपस्थित मंडळी त्याच्यावर तुटून पडली. प्रेषितांनी मात्र त्याला जवळ बोलाविले, शेजारी बसविले आणि विचारले की हे तुझ्या आईच्या बाबतीत तुला आवडेल काय? मुलीच्या? बहिणीच्या? आत्याच्या, मावशीच्या? प्रत्येक वेळी तो नाही म्हणाला, आणि प्रत्येक वेळी त्याला सांगितले गेले की इतर लोकांनाही आपल्या आई-बहिणींबाबत हे आवडत नाही. पडद्यावर जी स्त्री दिसते तीही कोणाची तरी मुलगी आहे, आणि ती तेथे फसवणुकीने किंवा नाइलाजाने आलेली नसेलच असे पाहणाऱ्याला सांगता येत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला ही गोष्ट कळते, मात्र कोणीतरी ती शांतपणे सांगावी लागते.

त्यानंतर प्रेषितांनी त्या तरुणावर हात ठेवला आणि त्याच्या पापांची क्षमा व्हावी, हृदय शुद्ध व्हावे, शील सुरक्षित राहावे, अशी दुआ केली. पुढे तो तरुण अशा कोणत्याही गोष्टीकडे वळला नाही, असे निवेदन आहे.