होता तसाच

जुना स्नेही भेटला, की 'तू अगदी होतास तसाच आहेस' असे आपण कौतुकाने म्हणतो. न बदलणे हा खरोखर गुण आहे काय? हा प्रश्न मला आकाशातून पडणाऱ्या दगडांनी घातला.

मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये असंख्य लघुग्रह फिरतात. तिकडून आलेला दगड पृथ्वीवर पडला, की आपण त्याला अशनी म्हणतो. 1843 साली खानदेशात माणेगावी एक अशनी पडला. त्याच्या जातीचे दगड वेस्टा या लघुग्रहावरून आले, असे शास्त्रज्ञ मानतात. इतक्या लांबचे मूळ गाव कसे ओळखले? प्रत्येक खनिज सूर्यप्रकाशाचा ठराविक भाग गिळते. 1970 साली वेस्टावरून परतलेला प्रकाश तपासला, तेव्हा त्यात पायरॉक्सीन या खनिजाची खूण सापडली आणि या घराण्यातल्या अशनींशी ती जुळली.

वेस्टा एके काळी वितळला आणि पुन्हा थिजला. त्याचे आरंभीचे रूप तेव्हाच गेले. आमच्या डिंगोऱ्याचा काळा पाषाणही थिजलेल्या लाव्ह्याचाच. म्हणून शास्त्रज्ञांना ओढ असते ती कधीच न वितळलेल्या, आदिम दगडांची. 2020 साली जपानच्या हायाबुसा-2 यानाने र्‍युगू या लघुग्रहावरून सुमारे 5.4 ग्रॅम खडे आणले. वायू वगळले, तर त्यांतील द्रव्यांचे प्रमाण जवळजवळ सूर्यासारखेच! 1938 साली आजच्या टांझानियात इव्हुना येथे पडलेल्या अशनीशी त्यांचे गोत्र जुळले.

पण गंमत पुढेच आहे. या आदिम खड्यांतली बहुतेक खनिजे मूळची नाहीतच. फार पूर्वी पाणी त्यांत मुरले आणि त्यांची चिकणमातीसारखी खनिजे झाली. द्रव्य तेच राहिले. रूप मात्र पार पालटले.

दिवाळीला आमच्याकडे मुंबईकर मंडळी येतात आणि 'गाव पूर्वीचे राहिले नाही' म्हणून हळहळतात. त्यांची माया खरी आहे. पण आठवणीसाठी कोणी चुलीच्या धुरात डोळे चोळीत बसावे काय? गावाने रूप बदलावे. विचारायचे ते एवढेच, की दारी आलेल्याला पाणी अजून मिळते ना?

माणसाचेही असेच नाही का? आयुष्याचे पाणी प्रत्येकात मुरते, आणि ते मुरू न देणारा मनुष्य कोरडा राहतो. तेव्हा यंदा जुना स्नेही भेटला, तर तो तसाच आहे का हे पाहू नका. तोच आहे का, एवढे पाहा.