चालू कंडिशन

दोन पावसाळ्यांपूर्वी मी एक क्रँक विकला. दादर स्टेशनबाहेर पाच मिनिटांत व्यवहार झाला. गिरगावातला एक कॉलेजचा मुलगा जुन्या फ्रेमवर फिक्स्ड गिअर सायकल बांधत होता आणि माझ्याकडे ॲल्युमिनिअमचा एक सेट पडून होता. त्याने दाते पाहिले, पॅडलच्या भोकातले आटे बोटाने चाचपले आणि विचारलं, "काका, काही प्रॉब्लेम नाही ना?" मी म्हणालो, "चालू कंडिशनमध्ये आहे." पैसे खिशात टाकले आणि लालबागला घरी आलो.

मी खोटं बोललो नव्हतो. क्रँक चालूच होता. फक्त आदल्या वर्षी परळला पुलाच्या उतारावर मी डाव्या अंगावर पडलो होतो आणि सगळा मार डाव्या पॅडलने खाल्ला होता, एवढं सांगितलं नव्हतं. वाकलेलं पॅडल मी बदललं होतं. क्रँक सरळ दिसत होता. त्याला तडा गेलाय हे मला माहीत नव्हतं. गेलेला नाही, हेही माहीत नव्हतं.

ज्यांनी फिक्स्ड गिअर चालवलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. साध्या सायकलला मागे फ्रीव्हील असतं, म्हणून पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं. फिक्स्डमध्ये मागचं दातेरी चाक हबवर घट्ट बसवलेलं असतं आणि त्यावर उलट्या आट्यांची लॉकरिंग असते. चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच. वेग कमी करायचा तर पायानेच मागे रेटायचं. बालेवाडीच्या वेलोड्रोमसारख्या ट्रॅकवर ब्रेकच नसतो, आणि तिथे तेच बरोबर आहे, कारण सगळे एकाच दिशेने जात असतात आणि अचानक कुणी थांबत नाही. लालबागच्या रस्त्यावर तसं नसतं. इथे पुढचा ब्रेक न लावता फिरणाऱ्याच्या बाबतीत क्रँक, चेन आणि लॉकरिंग हेच त्याचे ब्रेक. यातलं एक तुटलं की पळणं आणि थांबणं दोन्ही एकदमच जातं.

मग जुना पार्ट विकणाऱ्याने घेणाऱ्याला किती सांगायचं?

आपल्या कायद्याने हा प्रश्न घोड्यावरून सोडवलाय. 1872 च्या करार कायद्यातलं कलम 17 सांगतं की नुसतं गप्प राहणं ही फसवणूक नव्हे; मात्र बोलणं कर्तव्यच असेल, किंवा ते मौनच बोलण्यासारखं असेल, तर गोष्ट वेगळी. खाली उदाहरणं आहेत. एकाने खोड असलेला घोडा लिलावात विकला आणि काही बोलला नाही, तर फसवणूक नाही. घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळे सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. तिसऱ्या उदाहरणात घेणारा म्हणतो, तुम्ही नाकारलं नाहीत तर घोडा धडधाकट आहे असं मी धरून चालेन. विकणारा गप्प राहतो. तिथे ते मौन बोलण्याइतकंच असतं. "काही प्रॉब्लेम नाही ना?" हा प्रश्न मला त्या तिसऱ्या घोड्यासारखा वाटतो.

हा वाद कायद्याहून पुष्कळ जुना आहे. इ.स.पू. 44 मध्ये लिहिलेल्या 'दे ऑफिसिस'मध्ये सिसेरो एका धान्यव्यापाऱ्याचं उदाहरण घेतो. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. हा अलेक्झांड्रियाहून गलबत भरून धान्य घेऊन आलाय. मागून आणखी गलबतं येतायत हे त्याला दिसलंय. ते सांगितलं तर भाव पडेल. बॅबिलोनचा डायोजेनिस म्हणतो, कायदा सांगतो तेवढे दोष उघड करावेत, त्यापुढे आपला माल हवा त्या भावाने विकावा. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, घेणाऱ्यापासून काहीच लपवू नये. सिसेरो शिष्याच्या बाजूने उभा राहतो.

मला वाटतं, मधे एक रेघ ओढता येते. गलबतांची बातमी ही बाजाराची बातमी. ती लपवली तर घेणाऱ्याचे पैसे जातात, अंगाला इजा होत नाही. पार्टचंही बरंचसं असंच असतं, शिवाय ते घेणाऱ्याला स्वतः तपासता येतं. चेनला स्टीलची पट्टी लावली की कळतं: बारा इंचांवर पिन एक सोळांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. एक अष्टमांश गेली असेल तर दातेही खाल्ले गेलेत. पुढे 48 आणि मागे 16 दाते लावले तर पाय अडवून घसरवताना टायर दर वेळी एकाच जागी घासतो. मागे 17 लावले तर तो मार 17 जागी वाटला जातो. हा साधा हिशेब आहे, ज्याला हवा त्याने करावा. या बाबतीत विकणारा गप्प राहिला तर मी त्याला फार दोष देणार नाही.

पडण्याचं तसं नाही. ते पट्टीने मोजता येत नाही. स्टील बहुतेकदा आधी वाकतं आणि सावध करतं. ॲल्युमिनिअम थकवा आत साठवत जातं आणि एक दिवस फारसं न सांगता तुटतं, बरेचदा पॅडलच्या भोकापाशीच. जपानमध्ये 1948 पासून कैरिनच्या शर्यती होतात. त्यातल्या पार्टवर एनजेएसचा शिक्का असतो आणि असे जुने पार्ट जगभर चढ्या भावाने विकले जातात. पण शिक्का सांगतो तो पार्ट बनला कसा. वापरला कसा ते शिक्क्याला ठाऊक नसतं. ते फक्त मालकाला ठाऊक असतं. चोर बाजारातून, मटण स्ट्रीटवरून घेतलेल्या पार्टबद्दल कुणीच काही सांगत नाही. पण तिथे नावातच इशारा आहे, आणि घेणारा डोळे उघडे ठेवूनच जातो. माझ्याकडे तो मुलगा डोळे मिटून आला होता, कारण मी त्याच्यासारखाच सायकलवाला होतो.

यावर एक आक्षेप मी स्वतःलाच घेतला होता: तडा आहे हे माहीतच नाही, तर सांगायचं काय? पण सांगायचा होता तो तडा नव्हे. सांगायचं होतं पडणं. तेवढं तर मला नक्की माहीत होतं. त्यावरून काय ठरवायचं, हा हक्क त्याचा होता, आणि 'चालू कंडिशन' म्हणून मी तो त्याच्या वतीने वापरून टाकला.

चौथ्या दिवशी त्याच उतारावर मला ओल्या रस्त्यात वेग आवरावा लागला. पायावर जोर आला आणि त्याचा पाय आठवला. संध्याकाळी फोन केला. सगळं सांगितलं. तो अजून फ्रेम रंगवत होता. क्रँक लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी तो घेऊन घरी आला.

माझे वडील परळच्या गिरणीत फिटर होते. तडा शोधायची त्यांची रीत मला येते. पार्ट रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचा, कोरडा पुसायचा, वर खडूची पूड चोळायची. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल झिरपतं आणि पांढऱ्यावर काळपट रेघ उमटते. आम्ही दोघांनी अर्धा तास वाट पाहिली. रेघ उमटली नाही. पण पृष्ठभागापर्यंत न आलेला तडा या रीतीने दिसत नाही, तेही मी त्याला सांगितलं.

"तुम्ही स्वतः लावाल का, काका?" त्याने विचारलं.

"मी लावीन. पुढे ब्रेक आहे माझ्या सायकलला, आणि काय झालंय ते मला माहीत आहे. तुला लाव असं मात्र म्हणणार नाही."

त्याने पैसे परत घेतले. निघताना म्हणाला, "तेव्हाच सांगितलं असतं ना, तर कदाचित घेतलाही असता."

वडील तडा गेलेला पार्ट भंगारात देण्याआधी हातोड्याने तोडायचे. नाहीतर कुणीतरी उचलून परत बसवेल म्हणायचे. हा क्रँक मी तोडला नाही, कारण त्याचा गुन्हा सिद्ध झालेला नाही. तो भिंतीवर खिळ्याला टांगलाय, सुतळीने चिठ्ठी बांधून: कधी पडला, कुठल्या बाजूवर, खडूने काय दिसलं. आता विकायचा प्रत्येक पार्ट माझ्याकडून अशा चिठ्ठीसकटच जातो. भाव पडतो. काही जण चिठ्ठी वाचून पार्ट परत टांगतात आणि निघून जातात.