निर्जन रानातला पाऊस

बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाच्या 38व्या अध्यायात परमेश्वर सर्वस्व गमावलेल्या ईयोबाशी वावटळीतून बोलतो. समुद्राला मर्यादा कोणी घातली, पहाटेला तिची जागा कोणी दाखवली, असे प्रश्न एकामागून एक येतात. त्यांतला 26व्या वचनातला प्रश्न सहज नजरेतून निसटतो. जिथे माणूस राहत नाही अशा ओसाड प्रदेशावर पाऊस कोण पाडतो, असे तिथे विचारले आहे. निसर्गावरील ईश्वरी सत्तेविषयी बायबलमध्ये जे जे आहे, त्यात हे वचन सर्वांत धाडसी ठरते.

ते धाडस कळण्यासाठी आधीचा अध्याय वाचावा लागतो. तिथे (37:13) अलीहू हा तरुण वक्ता पाऊस येण्याची कारणे सांगतो: शिक्षा, भूमीची गरज किंवा दया. बायबलच्याच ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 11व्या अध्यायातही आज्ञापालन आणि वेळेवरचा पाऊस यांची सांगड आहे. आभाळाकडे डोळे लावून शेती करणाऱ्या समाजाला हा हिशेब पटणारच. परमेश्वराच्या प्रश्नातून मात्र माणूसच वगळलेला आहे. ज्या रानात पुण्यवान नाही आणि पापीही नाही, तिथला पाऊस कोणाचे बक्षीस आणि कोणाची शिक्षा? पुढच्या वचनात कोवळे गवत उगवते, आणि पावसाला तेवढे कारण पुरते.

तरीही आपत्ती आली की पापाचा निवाडा जाहीर करणारे उपदेशक पुढे येतात. 1 नोव्हेंबर 1755 रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बन हादरले. प्रार्थनेला जमलेल्यांवर चर्च कोसळली. मग समुद्राच्या लाटा आल्या, आगी लागल्या. भूकंपाचे कारण नैसर्गिक नसून लोकांची पापे आहेत, असे जेझुइट धर्मगुरू गाब्रिएल मालाग्रिदा यांनी 1756 मध्ये पुस्तिका काढून ठासून सांगितले. 1934 च्या बिहार भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले, आणि रवींद्रनाथांनी त्याला जाहीर विरोध केला. गांधीजींचा हेतू उदात्त होता, पण तर्क मालाग्रिदांचाच होता. मेलेल्यांवर आरोप ठेवून जिवंतांना उपदेश करणे क्रूर आहे, मग तो कोणीही करो.

या वाचनावर एक भक्कम आक्षेप त्याच अध्यायात आहे. 22 आणि 23 या वचनांत हिमाची व गारांची कोठारे संकटाच्या आणि युद्धाच्या दिवसासाठी राखून ठेवल्याचे सांगितले आहे. 13व्या वचनात पहाट दुष्टांना पृथ्वीवरून झटकून टाकते. आमोसाच्या पुस्तकात (4:7) एका नगरावर पाऊस पडतो, दुसरे कोरडे राहते, आणि ते लोकांना बजावण्यासाठीच. तेव्हा निसर्गाचा नीतीशी संबंधच नाही, असा निष्कर्ष ईयोबातून काढता येत नाही. निर्जन रानाचे वचन तेवढे सिद्ध करत नाही, हे मान्य केले पाहिजे. पण गारांचा उल्लेखही एका प्रश्नातच येतो: ती कोठारे ईयोबाने आत जाऊन पाहिली आहेत काय? त्याने पाहिलेली नाहीत. म्हणजे सत्ता आहे, तिच्यात हेतूही असू शकतो. मात्र एखाद्या विशिष्ट वादळाचा हेतू बाहेरून वाचण्याचा अधिकार काठावरच्या माणसाला दिलेला नाही.

पुस्तकाचा शेवटही याच बाजूचा आहे. अलीफज, बिल्दद आणि सोफर या मित्रांनी ईयोबाच्या दुःखात त्याचे पाप शोधले होते. त्यांनी कैवार देवाचाच घेतला होता. तरी 42व्या अध्यायात परमेश्वराचा कोप त्यांच्यावरच होतो, कारण ते त्याच्याविषयी ईयोबाप्रमाणे यथार्थ बोलले नाहीत. सात गोऱ्हे आणि सात मेंढे घेऊन त्यांनी ईयोबाकडे जावे, अशी आज्ञा होते. तोवर ईयोबाला गमावलेले काहीही परत मिळालेले नसते, आणि त्या तिघांसाठी प्रार्थना त्यानेच करायची असते.