रजेचा अर्ज आणि वाडीचा प्रसाद



मार्गशीर्ष लागला की घराघरांत एक प्रश्न हमखास निघतो. दत्तजयंतीला वाडीला जायचं, औदुंबरला की गाणगापूरला, हा तो प्रश्न नव्हे. ते आपण वडीलधारे ठरवून मोकळे होतो. अडतं ते नातवंडांच्या शाळेपाशी. तिथी काही शाळेचं वेळापत्रक पाहून येत नाही. २०२३ साली दत्तजयंती २६ डिसेंबरला आली, तेव्हा ज्यांच्या शाळांना नाताळची सुट्टी होती त्यांचं आयतंच जमलं. २०२४ साली १४ डिसेंबर, शनिवार, तेही निभावलं. २०२५ साली मात्र ४ डिसेंबर, आणि वार गुरुवार. दत्तजयंती गुरुवारी, हा योग कोणाला सोडवेल? पण दिवाळीची सुट्टी केव्हाच संपलेली असते आणि दुसरं सत्र जोरात चालू असतं. मग घरात कोणीतरी म्हणतं, "एक-दोन दिवस शाळा बुडली तर काय आभाळ कोसळणार आहे का?" खरं सांगायचं तर हे वाक्य आईबाप कमी बोलतात. ते आपणच बोलतो, आजी-आजोबा.

म्हणून हा विषय आपल्याच अंकात, आपल्याच माणसांपुढे मांडावासा वाटला. यात्रा असो की सहल, चालू शाळेतून मुलाला काढून न्यावं की नाही? मी काही शिक्षणतज्ज्ञ नाही. कॉमर्सचा पदवीधर, आयुष्य बँकेत कारकुनी करण्यात गेलं. पण रजा या विषयात बँकेच्या कारकुनाला थोडंफार कळतं, असं समजायला हरकत नाही.

आधी हिशेब मांडू. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस शाळा भरली पाहिजे आणि सहावी ते आठवीला २२० दिवस. म्हणजे सहावीतल्या मुलाला ३६५ पैकी १४५ दिवस सुट्टीच असू शकते. २२० पैकी चार दिवस बुडवले तर दोन टक्केसुद्धा होत नाहीत. कागदावर ही रक्कम किरकोळ दिसते. पण ज्याने बँकेत खतावण्या लिहिल्या त्याला ठाऊक आहे की चुकलेल्या नोंदीची रक्कम लहान की मोठी यावर काहीच ठरत नसतं. एक नोंद राहिली की ट्रायल बॅलन्स जुळत नाही, आणि ती सापडेपर्यंत सगळी शाखा बसून राहते. नेमक्या त्या चार दिवसांत वर्गात अपूर्णांकांचा गुणाकार सुरू झाला असेल, तर पुढचा महिनाभर ते पोर फळ्याकडे नुसतं बघत बसणार. टक्केवारीत हे दिसत नाही.

आपल्यापैकी अनेकांची मुलं परदेशी आहेत. इंग्लंडात ज्यांची नातवंडं आहेत त्यांनी तिथला एक खटला ऐकला असेल. २०१५ साली एका वडिलांनी आपल्या मुलीला सात दिवस शाळा बुडवून अमेरिकेत फ्लोरिडाला फिरायला नेलं. दंडाची नोटीस आली तेव्हा त्यांचं म्हणणं असं की, मुलीची एकूण हजेरी नव्वद टक्क्यांच्या वर आहे, मग ती नियमित नाही कशी? खालच्या न्यायालयांना ते पटलं. २०१७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र सांगितलं की नियमित हजेरी म्हणजे टक्केवारी नव्हे. शाळेच्या नियमांप्रमाणे हजर राहणं म्हणजे नियमित. ऑगस्ट २०२४ पासून तिथे दंड आहे प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला ८० पौंड, आणि २१ दिवसांत भरला नाही तर १६०. तरीही काही पालक हिशेब करतात की सुट्टीच्या दिवसांत विमानाचं तिकीट याहून महाग पडतं, म्हणजे दंड भरून जाणं स्वस्त! कारकून म्हणून मला हा हिशेब बिनचूक वाटतो. बाप म्हणून, आजोबा म्हणून वाटत नाही. मुलाला यातून एवढंच कळतं की नियमाची किंमत असते आणि ती खिशात असली की प्रश्न मिटला.

पण आईबापांची बाजूही ऐकली पाहिजे. मे महिन्यात आणि दिवाळीत गाड्यांना आरक्षण मिळत नाही, भक्तनिवासात खोली मिळत नाही, आणि मिळाली तरी एरवीच्या दरात मिळेलच असं नाही. दोघंही नोकरी करणारे, दोघांना एकाच वेळी रजा मिळणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. एसटीत, पोलिसात, इस्पितळात नोकरी करणाऱ्यांना तर सगळ्या जगाला सुट्टी असते तेव्हाच हमखास ड्युटी. बँकेत आम्हाला प्रवासभाड्याची सवलत असायची. ती मुदतीच्या ब्लॉकमध्ये वापरायची, आणि रजा मात्र शाखेच्या सोयीने. मार्चअखेर आली की रजेचं नाव काढायचं नाही. तेव्हा साहेबांनी मंजूर केली तीच सुट्टी, मग मुलांच्या शाळेला ती असो वा नसो. अशा घरातले चौघे एकत्र कुठे गेले नाहीत, तर ते घर तरी कसलं? त्यांना दोष देण्याआधी आपण दहादा विचार करावा.

दुसरा युक्तिवाद आपल्या संप्रदायातलाच आहे. अवधूतांनी यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले. पृथ्वी, वारा, समुद्र, मधमाशी, अजगर, कोळी. त्यात पाटी-पुस्तकवाला गुरू एकही नाही. मग चार भिंतींतली शाळा सोडून मूल जगाच्या शाळेत गेलं तर बिघडलं कुठे? मोठा गोड युक्तिवाद आहे, आणि अर्धा खराही आहे. पण अवधूतांनी मधमाशी पाहिली म्हणजे काय केलं? तिच्यापाशी थांबून लक्ष दिलं. आपलं पोर गाडीत बसल्यापासून मोबाइलमध्ये मान घालून बसणार असेल आणि वाडीला उतरल्यावर कृष्णा-पंचगंगेच्या संगमाकडे पाठ करून फोटो काढणार असेल, तर चोवीस गुरूंपैकी एकाचीही गाठ पडणार नाही. तेवढ्यासाठी शाळा कशाला बुडवायची?

लक्ष द्यायचंच असेल तर त्याच रस्त्यावर एक गोष्ट दाखवण्यासारखी आहे. दत्तजयंतीचे दिवस म्हणजे ऐन ऊसतोडणीचे दिवस. सांगली-कोल्हापूरकडे गाडी वळली की रस्त्याच्या कडेला ऊसतोड कामगारांच्या कोप्या दिसतात. बीडकडून आणि आसपासच्या दुष्काळी भागातून ही कुटुंबं दिवाळीच्या सुमारास निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परत जातात. बरोबर पोरं असतात. साखरशाळा निघाल्या, गावाकडे हंगामी वसतिगृहं निघाली, तरी कित्येकांचं अर्धं वर्ष बुडतंच. आपलं नातवंड मजेने दोन दिवस शाळेबाहेर, आणि काचेपलीकडे त्याच्याच वयाचं मूल पोटासाठी पाच महिने शाळेबाहेर. ते मूल वाढ्यांची मोळी डोक्यावर घेऊन चाललेलं असतं. शाळेचा एक दिवस म्हणजे काय चीज आहे, हे आपल्या मुलाला सांगायला याहून वेगळं पुस्तक नको. मी हे कोणाला अपराधी वाटावं म्हणून लिहीत नाही. आपण ज्याला 'एकच दिवस' म्हणतो तो कोणाला मिळतच नाही, एवढं ध्यानात असावं.

इथपर्यंत पारडं कधी इकडे झुकतं, कधी तिकडे. माझ्या मते खरी मेख वेगळीच आहे, आणि ती रजेत नसून अर्जात आहे.

अर्जात लिहितात काय? "ताप आल्यामुळे माझा पाल्य तीन दिवस शाळेत येऊ शकला नाही." बापाची सही. आणि निघताना मुलाला बजावतात, "बाईंनी विचारलं तर ताप होता म्हणून सांगायचं हं." बँकेतही हे चालायचं. सिक लीव्हचा अर्ज, सोबत डॉक्टरचं सर्टिफिकेट, आणि गडी सोमवारी कामावर येतो तो हाताला लग्नातली हळद लागलेली. सगळ्यांना कळायचं, कोणी बोलायचं नाही. पण तिथे निदान खोटं बोलणारा मोठा माणूस असे आणि स्वतःच्या जबाबदारीवर बोले. इथे आपण आठ-दहा वर्षांच्या लेकराच्या तोंडी खोटं घालतो, तेही त्याच्या गुरूपुढे बोलायला, आणि कशासाठी? तर गुरुमाउलीच्या दर्शनासाठी!

आता त्या मुलाचं काय होतं पाहा. वाडीहून येताना पेढे आणलेत, कवठाची बर्फी आणली आहे, जन्मकाळाचा सुंठवडा पुडीत बांधून आणला आहे. एरवी सुट्टीनंतर पोरं डबा उघडून वर्गभर वाटतात. याला वाटता येत नाही. पेढा दिला की मित्र विचारणार, "कुठे गेला होतास?" बाईंना दिला तर ताप उघडा पडणार. म्हणजे देवाचा प्रसाद घरात लपवून खायचा! प्रसाद म्हणजे वाटून खायची गोष्ट. ज्या यात्रेचा प्रसाद वाटता येत नाही, त्या यात्रेतून मुलाने घरी काय आणलं? देवदर्शन हे चोरून करायचं काम आहे, एवढाच धडा.

गुरुचरित्रातली धौम्य ऋषींच्या शिष्यांची कथा आपण पारायणात दरवर्षी वाचतो. अरुणी संध्याकाळ झाली तरी आश्रमात परतला नाही. एका अर्थी तोही गैरहजरच. पण तो कुठे आहे हे गुरूंना ठाऊक होतं, म्हणून तर ते शेतावर जाऊन त्याला हाका मारू शकले. उपमन्यूचं तर आणखी विशेष. पोटात आग पडलेली, तरी गुरूंनी "तू काय खातोस?" म्हणून विचारलं की दर वेळी त्याने खरं तेच सांगितलं. भिक्षा मागून खातो म्हणाला, ती गेली. दुसऱ्यांदा मागतो म्हणाला, तीही गेली. वासरांच्या तोंडचं उरलेलं दूध पितो म्हणाला, तेही बंद झालं. खरं बोलण्याने दर वेळी त्याचं नुकसानच झालं, तरी त्याने गुरूपासून हातचं राखलं नाही. आपल्यावर तर नुसती एका दिवसाच्या रजेची पाळी आहे.

कोणी म्हणेल, "अहो, खरं कारण लिहिलं तर शाळा रजा देत नाही, म्हणून ताप लिहावा लागतो." बरोबर आहे, काही शाळा नाही देत. मग 'नाही' हेही उत्तरच आहे. वाडीचे महाराज दत्तजयंतीपुरते येऊन जात नाहीत. पौर्णिमा दर महिन्याला आहे, गुरुवार दर आठवड्याला आहे, मे महिन्यात संगमावर पाणी कमी असेल पण पादुका तिथेच आहेत. आणि काही प्रसंग असे असतात की जायलाच हवं: घरात वृद्ध माणूस थकलं आहे, सख्ख्या मामाचं लग्न आहे, कुलाचार आहे. तेव्हा खुशाल जावं, पण खरं सांगून जावं. हजेरीपटावर गैरहजेरीची खूण पडेल, ती पडू द्यावी. ती खूण खरी आहे. बुडालेला अभ्यास घरी बसून भरून काढावा, वर्गमित्राची वही मागायची लाज धरू नये.

आमच्या घरी तेव्हा हाच विषय निघाला. नातू सहावीत आहे. माझी इच्छा तीन दिवसांची होती: औदुंबर, मग वाडीचा जन्मकाळ, आणि येताना खिद्रापूरचं कोपेश्वराचं देऊळ. गुडघे आता दरवर्षी एकेक पायरी कमी करताहेत, पुढच्या वर्षी मी घाट उतरू शकेन की नाही कोणी सांगावं? सूनबाईंनी शाळेच्या डायरीत सरळ लिहिलं की दत्तजयंतीच्या यात्रेला जायचं आहे, आजोबांची इच्छा आहे. वर्गशिक्षिका बाईंनी उत्तर लिहिलं: गुरुवार चालेल, पण शुक्रवारी गणिताची चाचणी आहे आणि शनिवारी स्नेहसंमेलनाची तालीम, नाटकात तो आहे, त्याच्यावाचून बाकीची मुलं अडतील. हे शेवटचं मला सुचलंही नव्हतं. मुलाची गैरहजेरी ही त्याची एकट्याची नसते. एक जण रजेवर गेला की शेजारच्या काउंटरवर रांग वाढते, हे बँकेत रोज पाहिलेलं, तरी शाळेच्या बाबतीत ध्यानात येत नाही. आता ठरलं आहे ते असं: बुधवारी रात्री निघायचं, गुरुवारी जन्मकाळ झाला की परत फिरायचं. औदुंबर आणि खिद्रापूर उन्हाळ्यात. मी जरा खट्टू झालो, पण नातवाने लगेच विचारलं, "मग बाईंना पेढे आणायचे ना?" त्याला त्या डायरीतल्या दोन ओळींनी केवढी मोकळीक दिली हे तेव्हा लक्षात आलं.

तेव्हा आपल्या वयाच्या सर्व गृहस्थांना नम्र विनंती. "शाळा बुडली तर काय होतं" हे वाक्य बोलण्याआधी मुलाच्या आईबापांना एवढंच विचारा: परत आल्यावर प्रसाद वर्गात वाटता येईल ना? येत असेल तर बॅगा भरा. येणार नसेल तर शाळेला सुट्टी लागेपर्यंत थांबा. तोवर घरच्या पादुकांपुढे बसून गुरुचरित्राचा एखादा अध्याय नातवंडाकडून मोठ्याने वाचून घ्या. वाचता वाचता जोडाक्षरंही सुधारतात, हा अनुभव आहे.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥