गेलेली वस्तू आणि कार्तवीर्याचे नाम

घरातली वस्तू गेली की जुनी मंडळी कार्तवीर्याचे नाम घ्यायला सांगतात. माहिष्मतीचा हा राजा, हजार हात त्याला दत्तप्रभूंच्याच वराने मिळालेले. नाम जरूर घ्यावे. पण भागवताच्या नवव्या स्कंधातली त्याची पुढची कथा फारसे कोणी सांगत नाही. याच राजाच्या माणसांनी जमदग्नींची कामधेनू बळाने ओढून नेली. वर दत्तांचा, आणि करणी ही! परशुरामांनी त्याला मारून गाय परत आणली. गाय स्वतःची, नेणारा कोण ते ठाऊक, संशयाचा प्रश्नच नव्हता. तरी जमदग्नी खूश झाले का? नाही हो. त्यांनी मुलाला दटावून वर्षभर तीर्थयात्रेला धाडले. पुढे राजाच्या मुलांनी सूड म्हणून जमदग्नींनाच मारले. गाय आली, बाप गेला.

परवा एक गृहस्थ म्हणाले, "बुवा, हिची बांगडी गेली. कामवालीवर संशय आहे. तिच्या खोलीत शिरून बघू का? वस्तू तर आपलीच."

मी म्हटले, वस्तू तुमची, पण खोली तिची. आणि तुम्ही तिला घेताना पाहिलंत का? ठाण्यात फिर्याद द्या. सोनाराची पावती, बांगडी घातलेला फोटो असेल तर जोडा. सापडलेला मुद्देमाल कोर्टाच्या हुकुमाने परत मिळतो. खेटे पडतात, खरं आहे. तोवर तिचं नाव आळीत काढू नका. तिला उद्या दुसऱ्या घरी काम मागायचंय.

"मग जप?"

करा की. पण आधी गादीखाली आणि तांदळाच्या डब्यात बघा.